हूक बदलूनही मासा सुटतोय? आधी जुना हूक नीट बघा

लुअर, म्हणजे मासा फसवायचं नकली आमिष, जुना झाला, त्याचे हूक गंजले किंवा वाकले, म्हणून नवे घातले. दोन-चार फेऱ्या बऱ्या गेल्या. मग परत तेच. मासा लागतो, पाणी उडवतो, दोन हिसके देतो आणि सुटतो. लुअर ओढून बघावा तर हूक उघडलेला, नाहीतर टोक बसून बोथट झालेलं, नाहीतर महिन्याभरात तांबूस पडलेला. पुन्हा नवे हूक, पुन्हा तोच प्रकार. आमच्या खानदेशात गिरणा धरणाच्या फुगवट्यावर, हतनूरला, वाघूरला, खाली सारंगखेडा-प्रकाशाच्या बॅरेजवर जे जे रॉड घेऊन बसतात त्यांच्यापैकी बहुतेकांनी ही तक्रार माझ्याजवळ कधी ना कधी केली आहे. मीही एका अख्ख्या हंगामात याच चक्रात होतो.

माझा लुअर साधा होता. सात सेंटिमीटरचा, पाण्यावर तरंगणारा, पुढे पारदर्शक जीभ असलेला, पोटाखाली एक आणि शेपटीला एक असे दोन ट्रेबल, म्हणजे तीन काट्यांचे हूक. मरळ त्यावर फार छान यायचा. गिरणेच्या फुगवट्यात बुडालेल्या बाभळींच्या कडेने तो चालवला की हमखास धडक बसायची. एका पावसाळ्यानंतर लागोपाठ तीन मरळ सुटले. तिसऱ्या वेळी मी चिडून तो हूक कापायला पक्कड काढली, तेवढ्यात शेजारी जाळं विणत बसलेल्या भोई आबांनी लुअर हातात मागून घेतला. हूक बोटाने फिरवून पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, गय तुटना नही, सरका व्हई गया."

गळ तुटला नाही, सरळ झाला. मला आधी त्यात काही विशेष वाटलं नाही. मग त्यांनी समजावलं. तुटला असता तर गळाचा दोष धरला असता. सरळ झालाय म्हणजे ओढणारा आणि गळ यांचा मेळ बसलेला नाही. नवा गळ घातलास आणि ओढणं तसंच ठेवलंस तर तोही सरळच होणार. त्या दिवसापासून मी एकही हूक न बघता फेकलेला नाही. बदललेला प्रत्येक हूक उजेडात धरून आधी बघतो, कारण दुरुस्ती कुठे करायची हे तोच सांगतो.

जुना हूक कसा वाचायचा

ट्रेबलच्या तीन काट्यांपैकी एकच उघडला असेल आणि बाकीचे दोन जसेच्या तसे असतील, तर सगळा भार एकाच काट्यावर आला होता. मासा एका टोकाला अडकला होता किंवा तुम्ही बुडालेल्या लाकडातून लुअर ओरबाडून काढला होता. आठवून बघा. आपल्या धरणांत पाण्याखाली बाभळी आहेत, जुने बांध आहेत. लाकडात रुतलेला लुअर आपण जोर लावून सोडवतो, तो सुटून येतो आणि आपण खूश होऊन पुढचा टाका टाकतो, म्हणजे लुअर परत फेकतो. हूक तेव्हाच जरासा उघडलेला असतो. डोळ्याला दिसतही नाही. पुढचा मासा उरलेलं काम करतो. त्यामुळे अडकून सुटलेला लुअर परत फेकण्याआधी तिन्ही काटे एकमेकांशी ताडून बघायची सवय लावून घ्या. दहा सेकंदांचं काम आहे.

हूक बाकावर, म्हणजे वळणावर, तुटला असेल आणि तुटलेली कड दाणेदार दिसत असेल, तर बहुतेक वेळा तो आधी एकदा उघडलेला आणि पकडीने परत वाकवून वापरलेला असतो. पोलाद एकदा वाकलं, उलट वाकवलं की त्या जागी ते कमजोर होतं. काठावर वेळ मारून न्यायला वाकवलात तर एक वेळ ठीक, पण घरी आल्यावर तो हूक काढून टाकायलाच हवा. आणि गॅसवर तापवून वाकवणं तर कधीच करू नका. हुकाला कारखान्यात पाणी दिलेलं असतं. कोयत्याला, विळ्याला लोहार देतो तसंच. लाल होईपर्यंत तापवून तसाच गार होऊ दिला की ते पाणी उतरतं आणि हूक तारेसारखा मऊ होतो.

टोक गोल झालं असेल किंवा एका बाजूला आकडी वळली असेल, तर कारण दगड. तापी-गिरणेच्या पात्रात काळा पाषाण आहे. पोटाखालचा ट्रेबल त्यावर घासत येतो. इथे हूक बदलायची गरज नसते, कानस पुरते. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

फक्त नेढ्यापाशी गंज असेल आणि टोक स्वच्छ असेल, तर पाणी हूक लुअरला जोडणाऱ्या रिंगेच्या पेडांमध्ये साचून राहिलंय. अशा वेळी हूक बदलून रिंग तीच ठेवलीत की नवा हूकही तिथूनच खायला लागतो.

चारही कारणांचा उपाय वेगळा आहे आणि आपण चारही वेळा एकच उपाय करतो, तोही बहुधा 'मोठा आणि जाड हूक' हा. मी तेच केलं होतं.

जाड हूक घातला आणि लुअर मेला

तारेच्या जाडीसाठी पाकिटावर एक्स लिहिलेला असतो. एक्स नसेल तर साधी तार, पुढे २एक्स, ३एक्स, ४एक्स अशी जाडी वाढत जाते. मापाचा आकडा मात्र उलटा चालतो: ८ नंबरपेक्षा ६ मोठा, ६ पेक्षा ४ मोठा, ४ पेक्षा २ मोठा, मग १, आणि त्यापुढे १/०, २/० असे वाढत जातात. नवीन माणूस इथे हमखास चुकतो, आठ मागतो आणि नखाएवढा हूक घेऊन येतो.

माझ्या लुअरला ६ नंबरचे साध्या तारेचे ट्रेबल होते. ते सरळ होतात म्हणून मी ६ नंबरचेच ४एक्स घातले. दिसायला माप तेच, मजबुती भक्कम. धरणावर पहिल्याच टाक्याला जाणवलं की काहीतरी बिघडलंय. एरवी लुअर अंग घुसळत यायचा, रॉडच्या टोकाला ती थरथर हाताला लागायची. आता तो नांगर ओढल्यासारखा येत होता. ओढणं थांबवलं की पूर्वी वर उठायचा, आता तिथेच रेंगाळत होता. त्या दिवशी एकही धडक बसली नाही, शेजारच्याच्या लुअरवर मात्र दोन मासे आले.

जळगावला सराफ बाजारात माझ्या ओळखीचं एक दुकान आहे. दुपारी गर्दी नव्हती तेव्हा जुना आणि नवा असे दोन्ही हूक तिथल्या वजनकाट्यावर ठेवून बघितले. एका हुकामागे जवळजवळ अर्ध्या ग्रॅमचा फरक निघाला. दोन हूक धरले तर एक ग्रॅम. अख्खा लुअर नऊ-दहा ग्रॅमचा, त्यात पोटाला आणि शेपटीला मिळून एक ग्रॅम जास्त! जो लुअर बनवणाऱ्याने हुकांचं वजन धरूनच तोलला होता, त्याचा तोल मी पाकिटभर पैसे देऊन बिघडवला होता.

हूक हा लुअरच्या वजनाचाच भाग आहे, हे मला त्या काट्यावर कळलं. तेव्हापासून मी असं करतो: जाड तार हवी असेल तर एक माप खाली उतरतो. म्हणजे साध्या ६ च्या जागी २एक्सचा ८. वजन बऱ्यापैकी जुळतं. तोंड थोडं लहान होतं, पण टोक धारदार असेल तर मरळाच्या जबड्यात तेवढं पुरतं. वजनकाटा जवळ नसेल तर दोन्ही हूक दोन तळहातांवर घेऊन अंदाज करण्यात अर्थ नाही, तो फसवतो. सरळ पाण्यात बघा.

घरातली बादली उथळ पडते. गच्चीवरचा पिंप किंवा शेतातला हौद असेल तर उत्तम. हूक बदलण्याआधी लुअर हौदात सोडा आणि तो कसा तरंगतो ते फोटो काढून ठेवा: पाठ किती वर आहे, नाक वर की शेपटी वर. नवे हूक घालून परत सोडा. पाठ तेवढीच वर राहिली आणि कोन तोच राहिला तर बाजी जिंकली. शेपटी जास्त खाली गेली तर मागचा हूक जड झालाय. सगळाच बुडायला लागला तर दोन्ही जड झालेत. मग वीतभर दोऱ्याने तो हौदात ओढून बघा, अंग घुसळतो की नाही.

फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ साली पहिला लुअर कोरला तेव्हा तो बुचाचा होता, वरून चॉकलेटची चांदी आणि त्यावर फोटोच्या वितळवलेल्या निगेटिव्हचा लेप. पुढे त्यांचा धंदा जगभर गेला, आणि लुअर पाण्यात चालवून, तोल बघून मगच विकायचा ही त्यांची शिस्त. आपण हूक बदलतो तेव्हा ती तपासणी पुसून टाकतो. म्हणून ती आपणच परत करायची.

ओढताना लुअर एका बाजूला पळत असेल तर हुकांना दोष देण्याआधी नाकावरची कडी बघा. लुअरचं नाक आपल्याकडे आहे आणि तो आपल्या डावीकडे पळतोय, तर कडी पकडीने आपल्या उजवीकडे अगदी केसभर वळवा. जिकडे न्यायचाय तिकडे कडी. एकदम जास्त वळवू नका, केसभर वळवा, ओढून बघा, परत केसभर. प्लॅस्टिकच्या लुअरची कडी जोर लावला तर मुळातून हलते आणि मग पाणी आत शिरतं.

रिंगेकडे कोणी बघत नाही

हूक आणि लुअर यांच्यामध्ये जी दुपेडी कडी असते, ती स्प्लिट रिंग. हूक बदलताना आपण ती नखाने फाकवतो, चाकूच्या टोकाने उचकटतो, दाताने ओढणारेही मी पाहिलेत. दोन-तीनदा असं केलं की तिचे पेड एकमेकांवर बसेनासे होतात. मासा वळला की हूक त्या फटीत सरकतो आणि सरळ बाहेर येतो. मासा हुकासकट जातो, लुअर तेवढा परत येतो. जबड्यात हूक घेऊन गेलेला मासा जगतो की मरतो हे आपल्याला कळतही नाही, आणि ते मला फार लागतं.

रिंग पकड म्हणून एक छोटी पक्कड मिळते, तिच्या एका जबड्याला वाकडा दात असतो. तो दात पेडांच्या मध्ये घुसतो आणि रिंग लागेल तेवढीच उघडते. मासेमारीच्या सामानातली माझ्या मते सगळ्यात उपयोगी वस्तू हीच. हूक घालताना जुना आणि नवा एकामागोमाग ठेवायचे: जुना रिंगेत आहे तोवर नव्याचं नेढं त्याच्या मागून चढवायचं आणि दोन्ही बरोबर फिरवत न्यायचे. जुना बाहेर पडतो तेव्हा नवा आत बसलेला असतो. रिंग एकदाच उघडते.

पेड उजेडात धरून त्यांच्यामध्ये फट दिसली तर रिंगही बदला. माप जुन्याच रिंगेवर ठेवून जुळवा. मोठी रिंग घातली तर हूक जास्त लांब लोंबतो आणि पुढचा ट्रेबल मागच्यात अडकतो. बदलल्यावर पोटाचा हूक शेपटीकडे ओढून धरा आणि शेपटीचा पोटाकडे. दोघांची टोकं एकमेकांना टेकता कामा नयेत. टेकली तर प्रत्येक चौथ्या टाक्याला लुअर गुंता होऊन येईल आणि तुम्ही हात दुखेपर्यंत टाकत राहाल.

ओढणारा हात

आबांनी ज्यावर बोट ठेवलं ते हेच. पूर्वी आपण साध्या तंगुसावर, म्हणजे नायलॉनच्या दोरीवर, मासे धरायचो. तंगूस ताणला जातो, झटका निम्मा तोच गिळतो. आता सगळ्यांच्या रीलवर वेणीची दोरी, म्हणजे ब्रेड आला. तो ताणला जात नाही. मरळ झाडाझुडपात शिरू नये म्हणून आपण तीस-चाळीस पौंडांचा ब्रेड भरतो, रीलचा ब्रेक (मासा ओढतो तेव्हा दोरी सुटू देणारा) पूर्ण आवळतो आणि मासा लागला की कमरेतून झटका देतो. एवढा सगळा जोर जातो कुठे? साध्या तारेच्या ६ नंबरच्या ट्रेबलवर. यातले बरेचसे लुअर हलक्या दोरीवर, मोकळ्या पाण्यात चालवायला बनवलेले असतात.

रीलचा ब्रेक दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर लावतात, हा जुना हिशेब आहे. पण तो दोरीसाठी झाला. हूक दोरीपेक्षा कच्चा असेल तर ब्रेक हुकाप्रमाणे सैल करावा लागतो. झुडपात मारायचं असेल तर उघड्या ट्रेबलचा लुअर तिथे न्यायचाच नाही, तिथे रबरी बेडूक न्यायचा. मोकळ्या पाण्याच्या कडेला मारायचं असेल तर ब्रेक सैल ठेवा, मासा पळू द्या, रॉडला वाकू द्या. मी एवढं एकच बदललं आणि हूक सरळ होण्याचं प्रमाण जवळजवळ संपलं. ४एक्सचं ते पाकीट अजून अर्धं शिल्लक आहे.

लाकडात अडकलेला लुअर सोडवतानाही रॉड वाकवून झटके देऊ नका. दोरी सैल करून रॉडचं टोक दोन-तीनदा हलवा, तरंगता लुअर बरेचदा स्वतःच मागे सरकून सुटतो. नाहीच सुटला तर रॉड दोरीच्या रेषेत सरळ धरा, रील हाताने दाबा आणि मागे चालत जा. ब्रेड बोटाभोवती गुंडाळून कधीही ओढू नका, बोट कापतं.

कानस लावायची की नाही

टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवा. नखात रुतून थांबलं तर धार आहे, ओरखडा न काढता घसरलं तर गेली. मरळाचा जबडा हाडाचा असतो, तिथे घसरणारं टोक काहीच कामाचं नाही.

बारीक दातांची छोटी कानस घ्या, घड्याळवाले वापरतात तशी. टोकाच्या दोन बाजूंनी आणि मग बाहेरच्या पाठीवरून, एकाच दिशेने, प्रत्येकी तीन-चार हात. मागे-पुढे खसाखसा घासायचं नाही. टोक लांब आणि सुईसारखं बारीक करण्याचा मोह होतो, तो टाळा. असं टोक पहिल्या दगडाला वळतं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: कानशीने हुकावरचा मुलामा जातो. उघडं पोलाद लगेच गंजतं, म्हणून धार लावून झाल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचं एक बोट फिरवायचं. रसायनाने धार दिलेले जे महागडे हूक येतात त्यांना मी कानस लावत नाही. त्यांचं टोक एकदा बसलं की बदलतो.

गंज डब्यात लागतो, नदीत नाही

दिवसभर नदीत राहून हूक जेवढा गंजत नाही तेवढा बंद डब्यात एका रात्रीत गंजतो. संध्याकाळी घाईत ओला लुअर डब्यात टाकला, झाकण लावलं, डबा गाडीत. आत दमटपणा कोंडला. पुढच्या रविवारी उघडाल तेव्हा त्या एका लुअरबरोबर शेजारचे चारही तांबूस झालेले असतात.

यावर उपाय अगदी साधा आहे. घरी आल्यावर डबा उघडून, लुअर कापडावर पसरून रात्रभर पंख्याखाली. ऊन नको. औषधाच्या बाटलीत किंवा बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, दोन-तीन पुड्या डब्यात टाका. एक गंजका लुअर चांगल्यांबरोबर ठेवू नका. कोकणात किंवा सुरतेकडे खाडीवर नेलेले लुअर परत येऊन गोड्या पाण्यात धुतल्याशिवाय डब्यात घालू नका. तपकिरी रंगाचे हूक गोड्या पाण्याचे असतात, मिठात ते दोन दिवस टिकत नाहीत. खाऱ्या पाण्यासाठी कथलाच्या मुलाम्याचे पांढरट हूक मिळतात.

आपल्याकडे उन्हाळ्याचा प्रश्न वेगळाच. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो. बंद गाडीत तर विचारायलाच नको. मी एकदा डबा गाडीत ठेवला आणि रबरी मासे, रबरी बेडूक कडक प्लॅस्टिकच्या लुअरशेजारी होते. तीन दिवसांनी उघडला तर रबर पाझरून लुअरचा रंग चिकट झाला होता, बोटाला निळा लागत होता. रबराला मऊ ठेवणारं जे तेल असतं ते कडक प्लॅस्टिकला आणि रंगाला विरघळवतं. उष्णतेत अजून लवकर. दोघांचे डबे वेगळे ठेवा, आणि उन्हाळ्यात डबा गाडीत न ठेवता घरात घ्या.

ज्यांचा हूक रिंगेवर नसतो त्यांचं काय

मरळासाठी आपण जो रबरी बेडूक वापरतो त्याचा दुहेरी हूक पोटातून नाकापर्यंत गेलेला असतो. काही बेडकांत पुढची कडी नाकातून आत ढकलून हूक मागून काढता येतो, काहींत तो आतल्या वजनासकट चिकटवलेला असतो आणि काढायला गेलं की रबर फाटतं. दुसऱ्या जातीचा असेल तर बदलायच्या भानगडीत पडू नका, तिथे कानसच चालवा. बेडकाचं खरं दुखणं हुकापेक्षा भोकाचं असतं. हूक जिथून आत जातो तिथून पाणी भरतं, बेडूक मागून बुडतो आणि मासा वार करतो तेव्हा रबर नीट दबत नाही, टोकं उघडी पडत नाहीत. पाणी पिळून काढा, पूर्ण वाळवा आणि नाकाच्या भोकाशी लवचिक रबरी गोंदाचा एक थेंब लावा. झटपट चिकटणारा गोंद इथे नको. तो वाळून कडक होतो आणि दोन मासे झाले की तडकतो. टोकं अंगाला फार घट्ट चिकटली असतील तर पकडीने अगदी किंचित बाहेर घ्या.

बेडकाचा विषय निघालाय तर एक विनंती. पावसाळ्यात लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर वर-खाली करताना दिसतो, त्याखाली पिल्लांची राखण करणारा मरळ असतोच. तो चिडून काहीही धरतो, म्हणून लोक मुद्दाम थव्यावर बेडूक टाकतात. तो एक मासा उचलला की थव्यातली पिल्लं बाकीच्या माशांच्या तोंडी जातात. तो थवा सोडून पुढे चला.

फिरत्या पानाच्या स्पिनरला मागचा ट्रेबल बंद तारेच्या कडीत असतो, तिथे रिंग नसतेच. जुना हूक कटरने नेढ्यापाशी कापा. कापताना त्यावर जाड फडकं धरा आणि चष्मा लावा, कापलेला तुकडा गोळीसारखा उडतो. मग एकतर छोटी रिंग घालून नवा ट्रेबल लावा किंवा उघड्या नेढ्याचा एकेरी हूक मिळतो तो कडीत अडकवून पकडीने नेढं दाबून बंद करा.

लाकडी लुअरचा हूक बदलताना रिंगेबरोबर स्क्रूची कडीही हलवून बघा. ती गोल फिरत असेल तर आत पाणी गेलंय आणि लाकूड कुजायला लागलंय. कडी काढा, लुअर चार-पाच दिवस सावलीत वाळू द्या, भोकात दातकोरणीची काडी आणि दोन नळ्यांचा अॅरल्डाइट भरून कडी परत पिळा, आणि एक पूर्ण दिवस हात लावू नका. मरळाच्या दातांनी रंग उडालेल्या जागांवर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात दिले की पाणी आत जात नाही. आधी पोटाखाली एक टिपका लावून बघा, काही रंग त्याने सुरकुततात.

तीन काट्यांऐवजी एक

गेल्या काही वर्षांत मी माझे बरेच लुअर एकेरी हुकावर आणले आहेत. एक काटा लाकडात कमी अडकतो, मासा पटकन सोडवता येतो, गालफड फाटत नाही, आणि एकच तार असल्याने ती जाड असली तरी वजन ट्रेबलएवढंच भरतं. मासे सुटायचं प्रमाण मला तरी वाढलेलं दिसलं नाही. मात्र साधा गळ रिंगेत घातला तर तो आडवा लोंबतो. लुअरसाठीच्या एकेरी हुकाचं नेढं पाव वळण फिरवलेलं असतं, त्यामुळे टोक अंगाच्या रेषेत राहतं. तोच घ्या. माप ट्रेबलपेक्षा एक-दोन पायऱ्या मोठं, आणि हौदातली तपासणी इथेही चुकवू नका. तापीत किंवा सातपुड्यातल्या ओढ्यात कधी महाशीर लागला आणि सोडायचा असेल तर हुकाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. दोरी सैल पडू दिली नाही तर मासा सुटत नाही, आणि सोडताना हूक नुसता मागे ओढला की निघतो.

हे करताना

हूक बदलताना दुसऱ्या हुकावर बुचाचा किंवा थर्माकोलचा तुकडा खोचून ठेवा. मी पोटाचा बदलत असताना शेपटीचा हाताला लागला आहे, आणि उलट्या काट्यापर्यंत आत गेला आहे. तसं झालं तर आधी लुअर हुकापासून वेगळा करा, रिंग पकडीने रिंग उघडून. लोंबता लुअर जखम हलवत राहतो. उलटा काटा आत असेल तर घरी ओढाओढ न करता दवाखान्यात जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा. डोळ्याजवळ लागला असेल तर हातही लावू नका, झाकून थेट दवाखाना.

काढलेले जुने हूक मी जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाकतो, बूच घट्ट लावून ठेवतो, आणि बाटली भरली की भंगारवाल्याच्या हातात सांगून देतो. काठावर एकही सोडू नका, तोडलेल्या दोरीचा तुकडाही नको. गिरणेच्या काठावर गुरं पाण्यावर येतात, पोरं अनवाणी उतरतात, हिवाळ्यात हतनूरला पाहुणे पक्षी येतात. आमच्या गटात निघण्याआधी प्रत्येकजण आपापल्या बसल्या जागेभोवती पाच पावलं फिरून येतो. मागच्या खेपेला मला माझ्याच जागेवर कुणाचा तरी गंजका ट्रेबल सापडला, वाळूत टोक वर करून बसलेला. तोही त्याच बाटलीत गेला.